भावनांचा मान आणि धमकीचा मान

जून २०२५ मध्ये एका मल्याळम चित्रपटाचे प्रमाणपत्र केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने अडवले, आणि त्याचे कारण होते नायिकेचे नाव. लैंगिक अत्याचार सोसलेली आणि न्यायासाठी सरकारविरुद्ध न्यायालयात उभी राहिलेली ही स्त्री जानकी नावाची होती. जानकी हे सीतेचे नाव असल्यामुळे अशा पात्राला ते देऊ नये, असा मंडळाचा आग्रह होता. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले आणि न्यायमूर्तींनी स्वतः चित्रपट पाहिला. अखेर निर्मात्यांनीच तडजोड केली. शीर्षकात जानकीच्या पुढे एक आद्याक्षर जोडले गेले, न्यायालयातील उलटतपासणीच्या प्रसंगात नावाचा उच्चार निःशब्द केला गेला, आणि मग जुलैमध्ये चित्रपट पडद्यावर आला.

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला हा आक्षेप समजून घेणे फार अवघड जाते. पंचवटीत सीतागुंफेपुढे रोज रांग लागते. या परिसराशी आपण जी कथा जोडतो ती एका स्त्रीच्या अपहरणाची, आणि पुढे तिच्याच चारित्र्यावर घेतलेल्या संशयाची कथा आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर सीतेचा वनवास गायला तो तिच्या दुःखात स्वतःचे दुःख ओळखूनच. मग अत्याचाराविरुद्ध उभी राहिलेली स्त्री जानकी नावाची असेल तर त्यात सीतेचा अपमान कसा होतो? तो होतो असे म्हणायचे असेल, तर अत्याचाराचा डाग तो करणाऱ्याला न लागता सोसणारीला लागतो, हे आधी गृहीत धरावे लागते. मंडळाच्या आक्षेपाच्या तळाशी हे गृहीत होते, आणि रामायणाचा श्रद्धेने विचार करणाऱ्या कोणालाही ते अस्वस्थ करणारे वाटले पाहिजे.

हा एक आक्षेप चुकीचा होता एवढेच दाखवून थांबण्याचा माझा हेतू नाही. धर्माच्या कारणावरून चित्रपटाला कात्री लागते तेव्हा चर्चा बहुधा कलावंताचे स्वातंत्र्य मोठे की भाविकांच्या भावना मोठ्या, या प्रश्नावर येऊन अडते. मला प्रश्नाची ही मांडणीच अपुरी वाटते. भावना खऱ्या असतात आणि त्या दुखावतात हेही खरे आहे. ज्याला आपले दैवत आईबापांइतके जवळचे आहे त्याची व्यथा हसण्यावारी नेणे हा उद्धटपणा आहे. परंतु कोणाची भावना किती खोल दुखावली हे मोजण्याचे कोणतेही साधन शासनाजवळ नसते. त्यामुळे ते मोजता येण्याजोगी दुसरी गोष्ट मोजते, ती म्हणजे धमकी किती मोठी आहे. मनातून व्यथित होऊन घरी बसलेला भाविक या हिशेबात धरला जात नाही. चित्रपटगृहाच्या काचा फोडण्याची तयारी दाखवणारा गट मात्र धरला जातो. भावनांचा मान राखला असे सांगत प्रत्यक्षात धमकीचा मान राखला जातो. माझा मुख्य आक्षेप यालाच आहे.

भारतीय चित्रपट जन्मला तोच मुळी देवादिकांच्या कथा घेऊन. दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला, त्यानंतर त्यांनी आपला कारभार नाशिकला आणला, आणि १९४४ मध्ये त्यांचे निधनही याच शहरात झाले. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. साळुंके त्याआधी एका उपाहारगृहात काम करत. आज असा प्रयोग कोणी जाहीर केला तर पहिल्या झलकेलाच किती तक्रारी दाखल होतील, याची कल्पना कोणीही करू शकेल. त्या काळच्या प्रेक्षकांनी मात्र पडद्यावरच्या रामाला हात जोडले. त्यांची श्रद्धा आपल्यापेक्षा कमी होती असे कोणी म्हणणार नाही.

चित्रपटांवर नियंत्रण आणणारा पहिला कायदा १९१८ चा, म्हणजे परकीय सत्तेचा. त्या सत्तेला धर्माची चिंता कितपत होती, हे १९३५ च्या एका उदाहरणावरून दिसते. प्रभात कंपनीने संत एकनाथांवर चित्रपट काढला, त्यात एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली, आणि चित्रपटाचे नाव ‘महात्मा’ ठेवले होते. ते नाव ऐकून लोकांना गांधीजी आठवतील म्हणून ते बदलायला लावले गेले आणि चित्रपट ‘धर्मात्मा’ या नावाने आला. गोदाकाठच्या पैठणमध्ये अस्पृश्यांना जवळ करणाऱ्या नाथांची कथा सरकारला धोक्याची वाटली ती राजकारणामुळे. पुढील काळात कारणे बदलत गेली, तरी प्रेक्षकाने काय पाहावे हे वरून ठरवण्याची सवय स्वतंत्र भारताने १९५२ च्या कायद्यासह पुढे चालवली.

या कायद्याची रचना थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण सर्वसामान्य वाचकाला सेन्सॉर म्हणजे मुंबईतील एक कार्यालय एवढेच ठाऊक असते. राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बंधने घालण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था आहे, सभ्यता व नीतिमत्ता आहे, गुन्ह्याला चिथावणी आहे. धार्मिक भावना हे स्वतंत्र कारण तेथे नाही. धर्माचा अवमान हा गुन्हा ठरवणारे जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम २९५-अ, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आले आहे, तेही हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अवमानापुरते आहे. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले ते ही मर्यादा स्पष्ट करूनच. म्हणजे कोणाला वाईट वाटले एवढ्यावरून चित्रपट अडवण्याची मुभा कायदा देत नाही. त्यामुळे अडवणाऱ्याला दरवेळी सुव्यवस्थेचे कारण पुढे करावे लागते, आणि सुव्यवस्था धोक्यात आहे हे दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती धोक्यात आणण्याची घोषणा करणे. आक्षेप घेणाऱ्या संघटनांना हे गणित चांगले कळलेले आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही चित्रपट सुरक्षित होत नाही. राज्याराज्यांच्या चित्रपटगृह नियमन कायद्यांनुसार राज्य सरकार, आणि आपल्या जिल्ह्यापुरता जिल्हादंडाधिकारी, शांतताभंगाची शक्यता वाटल्यास चित्रपटाचे प्रदर्शन स्थगित करू शकतो. जिल्हादंडाधिकाऱ्याला असा आदेश कारणांसह राज्य सरकारकडे पाठवावा लागतो आणि तो दोन महिन्यांपर्यंत लागू राहू शकतो. दोन महिने हा काळ कागदावर थोडा दिसतो. पण ज्याने चित्रपट काढला आहे किंवा चालवला आहे त्याला ठाऊक असते की चित्रपटाचे भवितव्य शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत ठरते, आणि पहिल्या आठवड्यात पडद्यावरून उतरलेला मराठी चित्रपट पुन्हा पडदे मिळवू शकत नाही. त्यामुळे तात्पुरत्या स्थगितीचा परिणाम बहुतेक वेळा कायमच्या बंदीसारखाच होतो. अनेकदा आदेशाचीही गरज लागत नाही. चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला एक निवेदन दिले जाते, बाहेर वीस-पंचवीस माणसे उभी राहतात, आणि तो बिचारा खेळ रद्द करून मोकळा होतो. कोणत्याही नोंदवहीत ही बंदी दिसत नाही, आणि जे नोंदवलेच गेले नाही त्याविरुद्ध दाद मागायची तरी कोणाकडे, हा प्रश्न निर्मात्यापुढे उरतो.

न्यायालयांनी याबाबत काही अस्पष्ट ठेवलेले नाही. १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट पुस्तकापेक्षा अधिक खोलवर भावना हलवतो या कारणाने पूर्वपरीक्षण मान्य केले. हा युक्तिवाद मला पूर्ण पटत नसला तरी तो टाकाऊ नाही, कारण अंधाऱ्या सभागृहात शेकडो लोकांनी एकत्र पाहिलेल्या दृश्याचा परिणाम वेगळा असतो हे खरेच आहे. १९८८ मध्ये फाळणीच्या दंगलींवरील ‘तमस’ ही दूरदर्शन मालिका थांबवण्याची मागणी झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती आधी पाहिली आणि मागणी फेटाळली, व सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. दृश्यांचा परिणाम जोखायचा तो समंजस आणि खंबीर मनाच्या माणसाच्या दृष्टीने, प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्याच्या दृष्टीने नव्हे, हे तेव्हा आधारभूत धरलेले तत्त्व १९४६ च्या नागपूर उच्च न्यायालयाच्या निकालातून आलेले आहे. ‘तमस’नंतर पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की मोर्चे, निदर्शने किंवा हिंसाचार यांच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपणे म्हणजे कायद्याचे राज्य सोडून देणे आणि दहशतीपुढे शरण जाणे होय. सन २००० मध्ये के. एम. शंकरप्पा प्रकरणात हाच धागा पुढे नेला गेला: तज्ज्ञ मंडळाने चित्रपट संमत केल्यावर सुव्यवस्थेचे कारण सांगून मागे फिरता येणार नाही, सुव्यवस्था राखणे हे राज्य सरकारचे कामच आहे.

इतके स्पष्ट निकाल असताना पुढची पंचवीस वर्षे तेच घडत राहिले. ‘फक्त आमच्याच धर्माला लक्ष्य केले जाते’ ही तक्रार प्रत्येक बाजूकडून ऐकू येते, म्हणून काही उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’वर ख्रिस्ती संघटनांच्या विरोधामुळे अनेक राज्यांनी बंदी घातली आणि आंध्र प्रदेशातील बंदी उच्च न्यायालयाने रद्द केली. २०१३ मध्ये ‘विश्वरूपम’ला मुस्लिम संघटनांच्या आक्षेपावरून तामिळनाडूतील जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदीचे अधिकार वापरून रोखले, आणि कमल हासन यांनी काही दृश्ये गाळण्याचे मान्य केल्यावरच तो तेथे प्रदर्शित झाला. २०१८ च्या जानेवारीत ‘पद्मावत’वर काही राज्यांनी घातलेल्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि तरीही कित्येक चित्रपटगृहांनी तो लावला नाही. त्याच वर्षी शीख संघटनांच्या विरोधातून ‘नानक शाह फकीर’चे प्रकरण उभे राहिले. कोणताही धर्म यातून सुटलेला नाही आणि कोणत्याही पक्षाचे सरकार अपवाद ठरलेले नाही.

मे २०२३ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने ‘द केरला स्टोरी’वर बंदी घातली. त्या चित्रपटाची मांडणी मला अतिशय आक्षेपार्ह वाटते. धर्मांतरित मुलींचा बत्तीस हजार हा आकडा निर्मात्यांना सिद्ध करता आला नाही आणि चित्रपटातील घटना काल्पनिक आहेत, त्या आकड्याला प्रमाणित आधार नाही, असे निवेदन त्यांना जोडावे लागले. अशा चित्रपटाने एका संपूर्ण समाजाबद्दल संशय पेरला जातो, असे मी आजही म्हणेन. तरीही सर्वोच्च न्यायालयाने बंदीला दिलेली स्थगिती योग्य होती. जो चित्रपट आपल्याला पटतो त्याच्या वेळी स्वातंत्र्याची आठवण करायची आणि जो पटत नाही त्याच्या वेळी पोलिसांची वाट पाहायची, हे दुटप्पी वागणे आपल्या बाजूच्या लोकांनीही केले आहे आणि त्याने मूळ मुद्दा कमजोर झाला आहे. २०२२ मध्ये ठाण्यात ऐतिहासिक विषयावरील एका मराठी चित्रपटाचा खेळ बंद पाडताना प्रेक्षकाला मारहाण झाली, तेव्हाही पुरोगामी म्हणवणारे अनेक जण गप्प राहिले.

जून २०२४ मध्ये ‘हमारे बारह’ या चित्रपटावरून असाच वाद झाला. आक्षेप घेणाऱ्यांनी पाहिली होती ती केवळ जाहिरातीची झलक. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी पूर्ण चित्रपट पाहिला, काही बदलांनंतर तो इस्लामविरोधी नसून स्त्रियांच्या उन्नतीविषयी आहे असे मत नोंदवले आणि भारतीय प्रेक्षक इतका भोळा वा मूर्ख नाही असेही सांगितले. प्रमाणपत्राआधीच झलक प्रसारित केल्याबद्दल त्यांनी निर्मात्यांना दंडही केला, आणि तोही योग्यच होता. झलकेवरून भडका उडावा आणि त्यातून प्रसिद्धी मिळावी, असा हिशेब करणारे निर्माते असतात. त्यांच्या हिशेबाला सर्वांत मोठी मदत होते ती बंदीची मागणी करणाऱ्यांचीच.

नाशिकला या प्रश्नाचा सर्वांत जवळून विचार करायला लावणारा चित्रपट मात्र ‘दशक्रिया’ हा आहे. बाबा भांड यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पैठणच्या घाटावर चालणारे क्रियाकर्म, त्यातील पैशाचा व्यवहार, आणि राखेतून नाणी शोधणारा एक मुलगा, असा त्याचा विषय. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो प्रदर्शित होण्याच्या सुमारास पुरोहितांच्या आणि ब्राह्मण संघटनांच्या विरोधामुळे तो थांबवण्याची मागणी झाली आणि औरंगाबाद खंडपीठाने ती याचिका फेटाळली. रामकुंडावर ज्याने आपल्या माणसाच्या अस्थी विसर्जित केल्या आहेत, दशक्रियेला जो तेथे बसला आहे, त्याला या विषयातील दुःख आणि त्याभोवतीचा बाजार दोन्ही ठाऊक असतात. पाण्यात नाणी शोधणारी मुलेही त्याने पाहिलेली असतात. जे घाटावर उघड्या डोळ्यांनी दिसते ते पडद्यावर दिसल्याने धर्म बुडतो, हे मला मान्य करता येत नाही. पौरोहित्याची टवाळी केली गेली असे ज्यांना वाटले त्यांना आपली बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क होता. घाटावर निष्ठेने काम करणारे, गरिबाकडून दक्षिणा न घेणारे गुरुजीही मला माहीत आहेत, आणि त्यांच्यावरही कोणी चित्रपट काढावा असे मला मनापासून वाटते. मात्र पहिला चित्रपट बंद पाडल्याने त्यांचा मान वाढला नसता.

२०२५ च्या एप्रिलमध्ये महात्मा फुले यांच्यावरील हिंदी चित्रपट ११ तारखेला, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या दिवशी, यायचा होता. आक्षेपांच्या गदारोळात तो २५ तारखेपर्यंत लांबला, आणि काही जातींची नावे व ‘पेशवाई’ हा उल्लेख गाळण्यासारखे बदल मंडळाने सुचवले. फुल्यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र शासन स्वतः छापून विकते. त्यातील भाषा या चित्रपटापेक्षा किती तरी धारदार आहे. शासनाच्या पुस्तकात जे शाळकरी मुलगाही वाचू शकतो, ते पडद्यावर उच्चारले तर सुव्यवस्था धोक्यात येते, या म्हणण्याला आधार काय?

धार्मिक भावना दुखावतात हे कारण अंतिम मानले असते तर या शहराचा इतिहास कसा झाला असता, हेही पाहावे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या नाशिकच्या कार्यकर्त्यांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले, रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. दरवाजे बंद करणाऱ्यांचीही तक्रार हीच होती की आमच्या भावना दुखावल्या जात आहेत. त्या भावना खोट्या नव्हत्या. त्या माणसांना खरोखरच तसे वाटत होते. तरीही त्या भावनांपुढे सत्याग्रह मागे घेतला जायला हवा होता, असे आज कोण म्हणेल? भावना खरी असली म्हणजे तिची मागणी न्याय्य असतेच असे नाही, हे आपण आपल्याच मंदिराच्या दारात शिकलेलो आहोत.

अलीकडे ही कात्री चित्रपटगृहाच्या बाहेरही पोहोचली आहे. जानेवारी २०२४ मध्ये ‘अन्नपूर्णी’ हा तामिळ चित्रपट, मंडळाचे प्रमाणपत्र असूनही, तक्रारींनंतर नेटफ्लिक्सवरून पूर्णपणे काढला गेला. तेथे ना सुनावणी झाली ना कोणता आदेश निघाला.

मग काय व्हावे? पहिली गोष्ट म्हणजे २०२१ मध्ये रद्द केलेले चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण पुन्हा स्थापन व्हावे. ते होते तेव्हा मंडळाच्या निर्णयाविरुद्ध लवकर आणि कमी खर्चात दाद मागता येत असे. आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते आणि ते मोठ्या निर्मितीसंस्थांना परवडले तरी कर्ज काढून पहिला चित्रपट बनवणाऱ्या मराठी दिग्दर्शकाला परवडत नाही. तो सांगितलेली प्रत्येक काटछाट मुकाट्याने मान्य करतो. मंडळाचे काम वयानुसार प्रमाणपत्र देण्यापुरते असावे, ही श्याम बेनेगल समितीची २०१६ ची शिफारस होती. २०२३ च्या दुरुस्तीने वयोगट वाढवले, परंतु काटछाटीचा अधिकार तसाच ठेवला. तो जोपर्यंत आहे तोपर्यंत निदान प्रत्येक काटछाटीमागची कारणे मंडळाने लोकांसमोर मांडावीत.

दुसरी अपेक्षा आपल्या जिल्ह्याच्या प्रशासनाकडून आहे आणि ती पूर्ण करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. सिंहस्थात लाखो भाविकांची ये-जा सांभाळणाऱ्या, गणेशविसर्जनाची मिरवणूक पार पाडणाऱ्या यंत्रणेला शहरातील मोजक्या पडद्यांना संरक्षण देता येत नाही, हे मान्य होण्यासारखे नाही. चित्रपटगृहाला निवेदन मिळाले की पोलिसांनी व्यवस्थापकाला ‘खेळ रद्द करा’ असा सल्ला देऊ नये. बंदोबस्त द्यावा, धमकी देणाऱ्यांवर प्रतिबंधक कारवाई करावी. स्थगितीचा आदेश काढायची वेळ आलीच तर त्याआधी संबंधित अधिकाऱ्याने चित्रपट स्वतः पाहावा आणि आदेश कारणांसह त्याच दिवशी प्रसिद्ध करावा.

ज्यांना एखादा चित्रपट आपल्या श्रद्धेवर आघात करणारा वाटतो त्यांच्यासाठी चित्रपटगृहाबाहेरचा रस्ता मोकळाच राहिला पाहिजे. त्यांनी फलक घेऊन उभे राहावे, पत्रके वाटावीत, बहिष्काराचे आवाहन करावे, कीर्तनातून उत्तर द्यावे, आणि हेतुपुरस्सर विटंबना झाली असे वाटत असेल तर न्यायालयात जावे. त्यांना तेथे निर्भयपणे उभे राहू देणे हे पोलिसांचे काम आहे, आणि तिकीट काढून आत गेलेल्या प्रेक्षकाला चित्रपट शेवटपर्यंत पाहू देणे हेही त्यांचेच काम आहे.